दोनदा वजा झालेला फूट

मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे आणि खोक्यांना चिकटवतात तोही नव्हे, हे आधीच सांगून टाकतो; नाहीतर निम्मी मुलं गाणं लाव म्हणून मागे लागतात आणि निम्मी नखाने माझं टोक शोधत बसतात. मी मोजायचा टेप. मुठीत मावेल अशी डबी, आत गुंडाळलेली पोलादाची पिवळी पट्टी आणि तिच्यावर फुटांचे, इंचांचे आकडे. ओढलं की खर्रर्र बाहेर, सोडलं की सर्रकन आत. बोटं तेवढी सांभाळायची.

मित्रांनो, माझी गोष्ट हसरी नाही. तरी सांगतो. लांबण लावणार नाही. लांबीचं मला कळतं.

माझा जन्म एका गोंगाटाच्या कारखान्यात झाला. पोलादाची लांबच लांब पट्टी रुळांवरून धावत यायची, तिला पिवळा रंग बसायचा, वर आकडे छापले जायचे आणि मग एक कात्री कचकन खाली येऊन आम्हा भावंडांची ताटातूट करायची. शेवटी प्रत्येकाच्या टोकाला लोखंडाची एक छोटी आकडी ठोकायचे. ती आकडी म्हणजे माझं नाक. ती विटेच्या कडेला अडकवली की एकटा माणूससुद्धा अख्खी भिंत मोजू शकतो. माझा सगळा तोरा त्या नाकावर होता.

दुकानात मी कुलपं आणि बिजागऱ्या यांच्यामध्ये खिळ्याला लटकत होतो. येणारा जाणारा मला ओढून बघायचा आणि सोडून द्यायचा, जणू खेळणंच. एक दिवस एक उंच, वाळका माणूस आला. त्याने माझ्यासारखे चार टेप घेतले, फळीवर शेजारी शेजारी पसरले आणि एक डोळा मिटून आमच्या रेघा जुळतात का ते पाहिलं. दुकानदार वैतागून म्हणाला की टेप घ्यायचाय की जावई शोधायचाय. त्या माणसाने मला उचललं आणि म्हणाला, "हा खरा आहे."

बस. त्या दिवसापासून मी त्याचा झालो. तो बांधकामाचा मिस्त्री होता आणि त्याला सगळे मिस्त्रीच म्हणायचे. बायकोसुद्धा.

काय दिवस होते ते! सकाळी कमरेला लटकून निघायचं आणि दिवसभर धुळीत, सिमेंटात, उन्हात लोळायचं. पाया खणायच्या आधी मी, भिंत चढताना मी, दाराची चौकट बसवताना मी. चौकट बसवली की मिस्त्री मला आधी एका कोपऱ्यातून तिरका ओढायचा, मग दुसऱ्या कोपऱ्यातून. दोन्ही मापं सारखी आली की स्वतःशीच मान हलवायचा. लोक म्हणायचे, मिस्त्रीने माप घेतलं की भिंतीला वाकायची हिंमत होत नाही. हे ऐकलं की मी डबीत दोन वळसे जास्तच ऐटीत गुंडाळला जायचो.

मग एका कामावर छताला दिलेला टेकू निसटला आणि लोखंडाचा अँगल थेट माझ्या तोंडावर पडला. माणसं वाचली, माझं नाक गेलं. पट्टीचा पुढचा भाग असा चिरडला की आकडेही ओळखू येईनात. मिस्त्रीने पत्र्याची कात्री घेतली आणि जिथे एक फुटाची रेघ होती, बरोबर तिच्यावरून मला कापून टाकलं. आता माझी सुरुवात शून्यापासून होत नव्हती. एकपासून होत होती.

त्याची बायको म्हणाली की आता तरी नवा टेप घ्या, तो काय सोन्याचा मिळतो? मिस्त्री म्हणाला, याच्यावर हात बसलाय. ती म्हणाली, "माझ्यावर कधी बसला नाही तो, टेपावर बरा बसला." घरातले सगळे हसले. मिस्त्री पण हसला, आणि मी त्याच्या कमरेला राहिलो तो राहिलोच.

मोजायची त्याची रीत तेवढी बदलली. तुटकी कड भिंतीला टेकवायची, दुसऱ्या टोकाला तेरा दिसले तर बारा समजायचे. नेहमी एक फूट वजा. सुरुवातीला तो थांबून, ओठ हलवून वजाबाकी करायचा. हळूहळू ती डोक्यातून उतरून जिभेत गेली. डोळ्यांना तेरा दिसायचे आणि तोंडातून सरळ बारा बाहेर पडायचे. आपण वजा करतो हेही त्याला कळेनासं झालं. आणि कधी काही बिघडलं नाही, कारण मोजणारा तोच, बांधणारा तोच. माप त्याच्याच डोळ्यातून त्याच्याच हातात जात होतं. वाटेत दुसरं कुणी नव्हतं.

दुसरं कुणी आलं ते त्या घराच्या वेळी.

ते कुटुंब तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचं. बाबा छापखान्यात मशीन चालवायचे. आई कपडे शिवायची. मोठी ताई अकरावीत, गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी; धाकटी तिसरीत, कुठल्याही विषयात पैकीच्या पैकी न मिळवणारी आणि त्याचं काहीच न वाटणारी. आई एकदा कापडाचा गठ्ठा घेऊन जिना उतरताना पडली होती. कंबर गेली ती गेलीच. बसता यायचं, उभं राहता यायचं नाही. तेव्हापासून ती खाली उतरलीच नव्हती. खिडकीशी खाटेवर बसून शिवायची, आणि एवढे जिने चढून येणारी गिऱ्हाइकं महिन्यागणिक कमी होत होती. गावाच्या कडेला बाबांनी फार पूर्वी जागेचा एक छोटा तुकडा घेऊन ठेवला होता. तिथे घर बांधायचं, तळमजल्याचं, आणि आईला जमिनीवर आणायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

त्या इमारतीचा कठडा मिस्त्रीनेच दुरुस्त केला होता. म्हणून त्याला चहाला बोलावलं. किती खर्च येईल, अंदाज तरी सांगा, असं बाबांचं म्हणणं. मिस्त्री स्टुलावर बसला आणि प्रत्येकाने आपापलं घर सांगायला सुरुवात केली. धाकटीला गच्चीवर झोपाळा हवा होता. ताईला अभ्यासाला दार लागणारा कोपरा हवा होता. दार महत्त्वाचं, कोपरा नसला तरी चालेल, असं तिने धाकटीकडे बघत सांगितलं. बाबा म्हणाले, मला काही नको, बिल कमी हवं. मग आईने कात्री खाली ठेवली.

"माझ्या खोलीला रस्त्याकडे दार पाहिजे. आणि उंबरा नको. खुर्चीची चाकं अडतात."

"हिला गिऱ्हाईक दिसलं पाहिजे," बाबा म्हणाले. "मी दिसलो नाही तरी चालेल."

दार किती रुंद हवं ते बघायला मिस्त्रीने मला काढलं आणि आईची चाकांची खुर्ची मोजली. ती बाबांनी आधीच आणून ठेवली होती. घडी करून भिंतीला टेकवलेली, एकदाही रस्ता न बघितलेली. ताई वाकून बघत होती. माझी कड बघून तिचे डोळे चमकले. हा तर एकपासून सुरू होतो, ती म्हणाली. मिस्त्रीला कौतुक वाटलं.

"म्हणून एक वजा करायचा, पोरी. साडेतीन दिसले की अडीच. याचं नाक कापलंय, पण पत शाबूत आहे."

ताईने ते मनात पक्कं करून ठेवलं. हुशार मुलगी. एकदा सांगितलेलं विसरत नाही, असं आई अभिमानाने म्हणाली. मित्रांनो, तिथेच थांबून कुणीतरी माझ्याकडे नीट बघायला हवं होतं. पण चहा आला आणि बोलणं पुढे गेलं.

आईने आणखी एक विचारलं होतं. अंदाजात माया किती ठेवणार? मिस्त्रीला कळलं नाही. ताईने समजावलं, कपडा कापताना शिवणीत थोडं जास्तीचं कापड सोडतात, उद्या उसवून सैल करता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. मिस्त्री हसला. म्हणाला, वहिनी, घर उसवता येत नाही, त्याला कसली माया? मी उक्तं घेतो. उक्तं म्हणजे ठोक: जो आकडा ठरेल त्यात घर उभं करून किल्ली हातात. विटा महागल्या तर माझं नशीब, वर एक पैसा मागणार नाही. बाबांना हेच हवं होतं. त्यांना वाढत्या बिलाची धास्ती होती. छापखान्यातली साठवलेली रक्कम, आईचे दागिने आणि पतपेढीचं कर्ज यांच्यापलीकडे त्यांच्याकडे काही नव्हतं. दोघांनी हात मिळवले.

रविवारी सगळे जागेवर गेलो. सगळे म्हणजे आई सोडून. तिला उतरवायला चार माणसं लागायची आणि तिला होणारा त्रास बघवत नसे. म्हणून ठरलं होतं की तिला एकदाच उतरवायचं, घर झाल्यावर, आणि परत चढवायचं नाही.

बाबांनी चुन्याची पांढरी फक्की टाकून जमिनीवर घर काढलं. इथे आईची खोली. तिच्यामागे मोठी खोली, शेजारी स्वयंपाकघर, कोपऱ्यात न्हाणीघर, त्यालाही उंबरा नाही. धाकटी रेघांवरून चालत प्रत्येक खोलीत दार उघडल्याचं नाटक करून आत शिरत होती, आणि ताई दाराऐवजी भिंतीतून गेली की तिच्यावर ओरडत होती. खरं सांगतो, मी इतकी घरं मोजली, पण एवढं आनंदी घर मोजलं नव्हतं.

मोजणी सुरू झाली. माझी तुटकी कड धाकटीने रेघेवर अंगठ्याने दाबून धरली. डबी मिस्त्रीच्या हातात. छापखान्यातून आणलेल्या वाया गेलेल्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर ताई लिहीत होती.

माझ्यावर तेरा दिसले. मिस्त्री ओरडला, "बारा!"

ताईने ऐकलं बारा. तिला माहीत होतं, हा टेप एकपासून सुरू होतो, एक वजा करायचा असतो. तिने लिहिलं अकरा.

माझ्यावर अकरा दिसले. मिस्त्री म्हणाला दहा. ताईने लिहिलं नऊ.

अशी खोली न् खोली, उभी आणि आडवी. भिंतीची उंची ठरली तीही तशीच. तो त्याच्या सवयीने वजा करत होता, ती तिच्या हुशारीने. तो समजत होता, पोरगी मी सांगतो ते लिहितेय. ती समजत होती, काका टेपावर दिसतं ते सांगताहेत. दोघंही चोख काम करत होते. दोघांपैकी एक जरी आळशी असता ना, तरी सगळं सुरळीत झालं असतं.

मग ताईने झाडाखाली बसून गुणाकार केले. तुम्हीच करून बघा, मित्रांनो. बारा दाहे वीसाशे, म्हणजे एकशे वीस. आणि अकरा नवे नव्व्याण्णव. एकट्या आईच्या खोलीतून एकवीस चौरस फूट नाहीसे झाले, आणि खोली होती तिथेच, पांढऱ्या रेघांत, ऊन खात. चारही खोल्या मिळून घराचा जवळजवळ पाचवा हिस्सा कागदावर उतरलाच नाही.

मिस्त्रीने एकूण आकडा ऐकला आणि टोपी मागे सरकवून डोकं खाजवलं. मला वाटलं होतं थोडं जास्त येईल, तो म्हणाला. त्याच्या मनाला ते खटकलं होतं, कारण इतक्या वर्षांत डोळ्यांनीही जागा मोजता येते. म्हणाला, परत एकदा बघ. ताईने परत केलं. गुणाकार तोच आला. तो बरोबरच होता.

"काका, दोनदा केलंय."

बाबा म्हणाले, ती चुकत नाही. मिस्त्री म्हणाला, मग ठीक. त्या आकड्याला त्याने आपला दर लावला आणि घराची किंमत ठरली. बाबांनी अपेक्षा केली होती त्याहून कमी. त्या दिवशी घरी जाताना ते चक्क शीळ घालत होते, असं धाकटीने आईला सांगितलं.

घर चढू लागलं. पाया पांढऱ्या रेघांवरूनच खणला होता, म्हणजे खऱ्या मापाचा. विटा मात्र कागदावरच्या मापाने आणल्या होत्या. त्या खिडकीच्या वर जायच्या आधीच संपल्या.

मिस्त्रीने आधी वीटभट्टीवाल्याला धरलं की गाडीत विटा कमी भरल्या. भांडण झालं. त्याने स्वतःच्या पैशाने विटा आणल्या, कारण शब्द दिला होता. मग सिमेंट संपलं. त्याला वाटलं चोरी होतेय, म्हणून तो स्वतः जागेवर राखण करू लागला आणि दोन जुन्या मजुरांना त्याने संशयावरून काढून टाकलं. ते बिचारे शपथा घेत गेले. तरीही वाळू पुरेना, लोखंड पुरेना. शेवटी त्याने माल कालवायचं आपलं यंत्र विकलं. ते विकलं आणि छताचे पैसे तरीही उभे राहीनात. तेव्हा तो टोपी हातात धरून बाबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, थोडे वर लागतील.

बाबा म्हणाले, उक्तं ठरलं होतं. मिस्त्री म्हणाला, हो, ठरलं होतं, पण पुरत नाही. का पुरत नाही, असं बाबांनी विचारलं, आणि मिस्त्रीला उत्तर देता येईना, कारण त्यालाच ते माहीत नव्हतं. गप्प राहिलेला माणूस फार लवकर चोर दिसायला लागतो.

"मापात पाप केलंत मिस्त्री," बाबा म्हणाले. "माझ्या विटांची कुठे दुसरी भिंत उभी राहिली, तेवढं सांगा."

मजूर थांबून बघत होते. मिस्त्रीने मला कमरेवरून काढलं, छत नसलेल्या आईच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि तो निघून गेला. फूट हा शब्द किती विचित्र आहे बघा. मोजायचा तो फूट, आणि माणसांमध्ये पडते तीही फूट. मी आजवर पहिला मोजत होतो. दुसरी मोजायला माझ्यावर आकडेच नव्हते.

बाबांनी मला खिशात टाकलं आणि घरी आणून खाटेवर आपटलं. हा बघ त्याचा टेप, ते आईला म्हणाले, याच्याच जोरावर फसवलं त्याने. आईने आपला कापडी टेप गळ्यातून काढला आणि माझ्याशेजारी खाटेवर पसरला. शिंपीणच ती, माप समोर आलं की हात गप्प बसत नाहीत. तिने माझी कड पाहिली.

"हा एकपासून सुरू होतो," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "मी प्रत्येक वेळी एक वजा करूनच लिहिलं."

"आणि त्यांनी?"

ताईच्या हातात पेन होतं. ते तसंच राहिलं. ती बाबांकडे बघत होती आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

दुसऱ्या दिवसापासून बाबा आणि ताई मला घेऊन मिस्त्रीला शोधू लागले; तो सापडायला महिना गेला. तो एका मोठ्या इमारतीवर दुसऱ्याच्या हाताखाली रोजावर काम करत होता. ज्याचं नाव मापात पाप केलेला म्हणून पसरतं त्याला उक्तं काम कोण देणार? ताईने सगळं सांगितलं. तिने काही लपवलं नाही. मिस्त्रीने ऐकलं, बोटावर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि विटांच्या ढिगावर बसला. मग त्याने ताईच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, रडू नकोस पोरी, मी एकदा तरी मोठ्याने सांगायला हवं होतं की वजा करून बोलतोय.

बाबांनी सगळ्या मजुरांसमोर त्याची माफी मागितली. मिस्त्री त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, चोर म्हणालात ते मी विसरेन. पण भिंती उभ्या होत्या, टेप माझ्या कमरेला होता, आणि तुम्ही मोजून न बघता म्हणालात."

मित्रांनो, गोष्टीत इथे सगळं ठीक होतं. गैरसमज दूर होतो, दोघं गळ्यात गळे घालतात, घर उभं राहतं. पण चूक कुणाची हे कळलं म्हणून विटा येत नाहीत. मिस्त्री म्हणाला, शब्द माझा, तोटा माझा. पण त्याच्याकडे विकायला आता काही उरलं नव्हतं. बाबा म्हणाले, निम्मा तोटा माझा. पण पतपेढीने आणखी कर्ज द्यायला नकार दिला, आणि पहिल्या कर्जाचे हप्ते तर छत असो नसो सुरू झाले होते. हप्ते आणि भाडं एकाच पगारातून. ताईच्या कॉलेजची फी भरायची राहिली, मग भरायचीच राहिली. तिला कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला तिच्याकडे बघून वाटायचं. तिने पाढे म्हणणं सोडलं. वाण्याचा हिशेबसुद्धा ती धाकटीकडून दोनदा करून घ्यायची.

उघड्या भिंतींवर पाऊस पडला, ऊन पडलं, परत पाऊस पडला. छतासाठी वर काढलेल्या सळ्या गंजल्या. आईच्या खोलीत गवत उगवलं. शेवटी बाबांनी ते सगळं एका भंगारवाल्या व्यापाऱ्याला विकलं. तो आपला नवाकोरा टेप घेऊन आला होता. संध्याकाळी बाबांनी घरी सांगितलं की त्याने खोली न् खोली मोजली आणि आश्चर्य व्यक्त केलं. दहा म्हणजे दहा, बारा म्हणजे बारा, सूतभर फरक नाही. कोण मिस्त्री होता तुमचा, असंही विचारलं. बाबा हे सांगताना भिंतीकडे तोंड करून बसले होते. विकून आलेले पैसे कर्जात गेले. व्यापाऱ्याने वर पत्रे टाकले. आता तिथे जुने पंखे आणि फुटक्या बादल्या राहतात. रस्त्याकडचं दार रुंद आहे आणि त्याला उंबरा नाही, त्यामुळे हातगाडी थेट आत जाते, त्याची मोठी सोय झाली म्हणे.

मिस्त्री एकदाच आला, जिने चढून. आईच्या हातात थोडे पैसे ठेवले, तिने ते परत केले, त्याने ते मशीनवर ठेवले. आईने मला त्याच्यापुढे धरलं, तुमचा टेप न्या म्हणून. तो मागे सरकला.

"ठेवा वहिनी. माझी जीभ आता त्याच्यावर चालत नाही. तेरा दिसले की तेराच म्हणतो, आणि मग पुन्हा वाटतं, वजा केले की नाही."

तो गेल्यावर आईने खिडकीतून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. तेवढाच रस्ता तिला दिसतो. चाकांची खुर्ची बाबांनी कुणाला तरी देऊन टाकली, भिंतीला टेकून जागा अडवत होती म्हणून.

आता मी आईच्या मशीनच्या खणात असतो, सुया, गुंड्या आणि खडूच्या तुकड्यांबरोबर. पट्टीवर गंज चढतोय. माझ्यावरचे आकडे अजून खरे आहेत, पण खऱ्या आकड्यांनी एकट्याने काही होत नाही, हे मला उशिरा कळलं.

जुन्या वस्तू नेहमी शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. मित्रांनो, तुटलेल्या वस्तूवर जीव जरूर लावा, पण तिचं व्यंग एकट्याच्या डोक्यात ठेवू नका. नव्या माणसाच्या हातात ती द्याल तेव्हा दरवेळी तोंडाने सांगा, आणि कुणी तुम्हाला आकडा सांगितला तर लाज न बाळगता विचारा, हा वजाबाकी धरून की सोडून? समोरचा हुशार आहे म्हणून विचारायचं राहू देऊ नका. आमच्या घरी सगळेच हुशार होते. आणि कुणाला चोर म्हणायच्या आधी एकदा, फक्त एकदा, स्वतः वाकून मोजून बघा. टेप हलका असतो. दोन्ही टोकांना माणूस लागतो, इतकंच.

एखादं गिऱ्हाईक अजूनही धापा टाकत वर येतं. आईला उभं राहता येत नाही, म्हणून आता मापं ताई घेते आणि कापते आई. कापडी टेप गिऱ्हाइकाच्या खांद्यावर धरून ताई आकडा सांगते आणि थांबते.

"साडेचौदा."

"साडेचौदा," आई म्हणते.

"माया धरून."

"धरून," आई म्हणते, आणि मगच कात्री चालवते.